दस्तीखालची बोटं

“मॅडम, गेम छान आहे. फक्त तो टॉवेल काढून टाका.”

माझ्या पटावरच्या खेळासाठी गाठलेला पुण्यातला सल्लागार फोनवर हे म्हणाला तेव्हा मी परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघत उभी होते आणि माझ्या पिशवीत त्या टॉवेलाचाच नमुना होता. तो घेऊन मी सोलापूरला विणणाऱ्याकडं निघाले होते. ‘तळपायाची आग मस्तकात जाणे’ याचा वाक्यात उपयोग मी शाळेत असताना शंभर वेळा केला असेल, अनुभव मात्र त्या दिवशी आला. उद्या हा माणूस म्हणेल, बुद्धिबळ छान आहे, फक्त तो राजा काढा.

“टॉवेल नाही, दस्ती म्हणतात तिला,” मी म्हटलं. “आणि ती काढली तर खेळात उरतं काय?”

“शेळ्या उरतात की. शेळ्या क्यूट आहेत.”

मी फोन ठेवून दिला. गाडी आली तरी मला चढायचं भान नव्हतं. शेवटी कंडक्टरनंच हाक मारली.

ही दस्ती काय भानगड आहे ते आधी सांगते, म्हणजे माझा राग कुणावर आणि का होता ते कळेल. माझे वडील, आमचे अण्णा, शेळ्यांचे व्यापारी. आमच्याकडं अशा माणसाला हेडी म्हणतात. आठवडी बाजारात शेळीचा भाव तोंडानं ठरत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उकिडवे बसतात, हातात हात घेतात, वरून एक फडकं टाकतात आणि त्या फडक्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. कुठलं बोट धरलं, किती धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावर आकडा ठरतो. भोवती माणसं उभी असतात, पण त्यांना दिसतं ते फक्त हलणारं फडकं आणि दोन कोरे चेहरे. ते फडकं म्हणजे दस्ती. सौदा पटला की हातावर इसार, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम, ठेवायची आणि शेळीची दोरी सोडायची.

आता त्या शेळ्या सांभाळतं कोण? बायका. आमच्या दारात कायम सहा-सात काळ्या शेळ्या असायच्या, आणि त्यातली एकही अण्णांनी कधी चारली नाही. बाभळीच्या शेंगा आई गोळा करून आणणार, व्यायला झालेल्या शेळीपाशी आई बसणार, करडाला दूध ओढता येईना तर बोटानं चाटवणार तीही आईच. मग बाजाराच्या दिवशी अण्णा त्यातली एक दोरीला धरून न्यायचे. दुपारी परत आले की खांद्यावरची दस्ती खुंटीला अडकवायचे. आई चुलीपासूनच विचारायची, “किती झाला?”

“झाला की. बरा झाला.”

बस्स. एवढंच. मला कळायला लागल्यापासून मी हेच ऐकत आले. अण्णा वाईट माणूस नाहीत. आईनं काही मागितलं आणि त्यांनी दिलं नाही असं कधी झालं नाही. पण तिनं वाढवलेल्या शेळीचा आकडा तिला कधी सांगितला नाही, आणि तिनंही दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही. मी हायस्कूलला गणित शिकवते. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही तर मी पोरांचा अर्धा गुण कापते. आणि माझ्या घरात चाळीस वर्षं उत्तर काय, तर ‘बरा’!

नऊ वर्षांची असताना एकदा मी हट्टानं अण्णांबरोबर बाजारतळावर शेळ्यांच्या रांगेपर्यंत गेले होते. एक हेडी म्हणाला, “पोरीला कामून आणलाव इकडं?” अण्णांनी मला बांगड्यांच्या दुकानापाशी नेऊन उभं केलं. मला हिरव्या बांगड्या घेतल्या, हेही सांगते, नाहीतर म्हणाल ही बया नुसत्या तक्रारीच करते. पुढच्याच वर्षी माझा भाऊ बारा वर्षांचा झाला आणि त्याच रांगेत अण्णांच्या शेजारी पोत्यावर बसला. बोटं शिकला. पुढं शिकून पुण्याला गेला, कंपनीत लागला, आणि आता त्याचा शेळीशी संबंध येतो तो ताटात. ज्याला गरज नाही त्याच्याकडं बोटं आणि जिच्या शेळ्या तिच्याकडं ‘बरा झाला’. हा हिशेब मला कधीच पटला नाही.

खेळ सुचला तो याच दादाच्या घरी. दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. त्याच्या मित्रमंडळींनी परदेशातून मागवलेला एक महागडा पटावरचा खेळ मांडला. त्यात एकजण म्हणाला, “मी एक मेंढी देतो, तू लाकूड दे.” दुसऱ्यानं दिलं. झाला सौदा! मी विचारलं, “दात बघितले का मेंढीचे? कमरेवर हात दाबून बघितला? लंगडते का?” सगळे मोठ्यानं हसले. वहिनी म्हणाली, “तुम्हीच करा की एखादा खेळ.” ती चेष्टेत म्हणाली होती. मी परंड्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी वह्यांचे पुठ्ठे कापायला बसले.

पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. मला ती बोटं हवी होती. ‘अण्णा, मला बोटं शिकवा’ म्हटलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता. खेळासाठी म्हटलं तर शिकवतील, आणि मी शिकले की आईला शिकवीन, मग बाजारात कडेला उभं राहून का होईना तिला तिच्या शेळीचा भाव कळेल. खेळ हे निमित्त होतं. पुढं खेळातच जीव गुंतला ही गोष्ट वेगळी.

मी विचारलं तेव्हा अण्णा तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बाजार करून आल्यावर पत्र्याच्या शेडात बाजेवर बसले आणि म्हणाले, “आण तुझी वही.” मांडीवर दस्ती पसरली, खाली हात घातला. मी हात पुढं केला. करंगळी धरली की एक. तिच्या शेजारचं बोट घेतलं की दोन. पंजा धरला की पाच. अंगठा दाबला की अर्धा कमी. मी लिहून घेत होते. त्यांचा हात दोऱ्या धरून धरून खरबरीत झालेला, आणि मी सदतीस वर्षांची बाई, लहानपणानंतर पहिल्यांदाच बापाचा हात हातात घेऊन बसलेली. मला भरून आलं होतं. अण्णांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, तेही हळवे झाले असतील. आई पलीकडं सुपात तूर निवडत होती. तिनं एकदा वर बघितलं आणि पुन्हा खडे काढायला लागली.

खेळ जमायला वर्ष गेलं. पत्त्यांवर शेळ्या, प्रत्येक शेळीत एक लपलेली खोड. एखादी दूध काढताना लाथ मारते, एखादी खोकते, एखादीचं वय सांगितल्यापेक्षा जास्त. घेणाऱ्यानं फक्त दोन गोष्टी तपासायच्या, मग दस्तीखाली हात. बाकीचे खेळाडू बघे. त्यांनी दोघांच्या चेहऱ्यावरून भाव ओळखायचा आणि जो जवळ जाईल त्याला गुण. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही बाया खेळायला लागलो. मुख्याध्यापक दारातून म्हणाले, “हा कुठल्या योजनेत येतो?” कुठल्याच योजनेत येत नाही म्हटल्यावर ते काळजीत पडले. चित्रकलेच्या बाईंनी शेळ्या काढल्या त्या अशा देखण्या, की अण्णांनी एक पत्ता उचलून त्या शेळीच्या कासेला नावं ठेवली आणि बाईंनी ती पुन्हा काढली.

घरी आई बघी म्हणून बसली की दर वेळी तीच जिंकायची. बोटं मी तिला अजून शिकवली नव्हती, तरी भाव बरोबर ओळखायची. मी विचारलं, “आई, कसं गं?”

“तोंडाकडं बघू नको. तोंड कुणीबी सांभाळतंय. कानाकडं बघ, लबाडी केली की लाल होत्यात.”

हे मला इतकं आवडलं की मी ते नियमांच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर छापलं. पुस्तिकेत छापलं आणि स्वतः विसरले!

मग पैसे उभे करायची वेळ आली. छापायचं तर लोकांकडून आधी पैसे मागायचे आणि मग खेळ पाठवायचा, ही पद्धत मी अण्णांना समजावून सांगायला गेले. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. “इसार म्हण की सरळ. त्यात काय एवढं.” ठरवलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत जमली नाही तर सगळ्यांना सगळं परत, हे मात्र त्यांना फार आवडलं. म्हणाले, “हे बाजारात पायजे व्हतं.”

दादानं चित्रफीत करून दिली. सल्लागारही त्यानंच गाठून दिला. पुण्यात खेळांचा कॅफे चालवणारा, वागायला गोड. टॉवेलावरून आमचं आठ दिवस वाजत होतं. त्याचं म्हणणं, लोकांना एकमेकांच्या हाताला हात लावायला संकोच वाटेल, त्यातून बायकांना तर जास्तच, म्हणून बोटांऐवजी आकड्यांचे पत्ते द्या.

“किती बायकांनी सांगितलं तुम्हाला असं?” मी विचारलं.

“असं कुणी सांगितलं नाही. जनरल म्हणतोय.”

जनरल! आमच्याकडं बायकांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं गेलं, की दस्तीखाली हात घालणं तुमचं काम नव्हे. आता तेच हा माणूस मला गुळगुळीत भाषेत सांगत होता, आणि वर माझ्याच सोयीसाठी म्हणून. मी त्याला जे बोलले ते शाळेत बोलले असते तर नोटीस आली असती. तो दमून म्हणाला, “ठीक आहे. मग तेच ठळक करा. अस्सल आहे म्हणा.” हे मला पटलं. मी स्वतःच्या हातानं पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘बाजारात आजही चालणारी खरी बोटं. आता घरातल्या बायकांसाठीसुद्धा.’ खाली माझी सही.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मी वर्गात समीकरणं सोडवतानाही मोबाइल डस्टरखाली लपवून बघत होते. जमेल असं वाटत नव्हतं. शेवटच्या दोन दिवसांत कुठून कुठून माणसं आली आणि आकडा कसाबसा ओलांडला. त्यातला एक खोका जळकोटच्या बचत गटातल्या बायकांनी मिळून घेतला होता. त्यांचा निरोप होता: ‘आमच्यात शेळ्या हायेत. बोटं खरी असतील तर पाठवा.’ मी लगेच उलट लिहिलं, ‘शंभर टक्के खरी.’ त्यांचा निरोप मी कागदावर उतरवून आरशाला चिकटवला. मला त्या दिवशी माझा फार अभिमान वाटत होता.

खोके आले. प्रत्येकात सोलापूरची पिवळी दस्ती, तांबड्या काठाची, घडी घालून. पहिला खोका मी पुण्याला पाठवला नाही की शाळेत नेला नाही. बाजाराच्या दिवशी रजा टाकली, साडी नेसले आणि खोका काखेत मारून सरळ शेळ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. नऊ वर्षांची असताना जिथून परत फिरवलं होतं, तिथंच. या वेळी कुणी ‘कामून आणलाव’ म्हणालं नाही. अण्णांचे जुने दोस्त, सत्तरीचे एक हेडी, त्यांनी पोतं झटकून मला जागा केली. “या मास्तरीणबाई. बघू तुमचा कारखाना.”

मी पट मांडला. त्यांच्यासमोर एक तरणा हेडी बसला. म्हाताऱ्यांनी चष्मा लावून पुस्तिकेतली बोटांची चित्रं बघितली, एक पान उलटलं, परत मागं आले. मग असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. तरण्यानं पाणी दिलं आणि तोही हसायला लागला.

“काय झालं काका?”

“बाई, ही कुठली बोटं?” त्यांनी डोळे पुसले. “ह्या बोटांनी बसलाव बाजारात तर शेळी फुकट देऊन घरी जाशाल. आन हे अंगठा दाबणं! अंगठा दाबला म्हंजी सौदा मोडून उठला माणूस. अर्धा कमी कुठला?”

मी अण्णांकडं बघितलं. ते चार हातांवर एका पाटीची, म्हणजे तरण्या शेळीची, दोरी सोडवत होते. ती दोरी कधीच सुटलेली होती, तरी ते सोडवत होते. मान खाली. उपरण्याच्या वर दोन्ही कान लालभडक.

म्हातारे काका म्हणाले, “तसं न्हवं, तुझ्या बापानं इचारलं व्हतं आमाला. वरीस झालं. पोरगी बोटं मागायलीय म्हणला. आमी म्हणलो, काय तर खेळापुरतं सांग आन सोड.”

म्हणजे सगळ्या रांगेला माहीत होतं. वर्षभर! मी रस्त्यात भेटले की ‘कुठवर आला खेळ?’ म्हणून विचारणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. मी पट गुंडाळला. पत्ते कसेही कोंबले. काका “बस की बाई, च्या घे” म्हणत होते. मी चहा घेतला नाही. रिक्षाही केली नाही, खोका काखेत घेऊन उन्हातून घरापर्यंत पायी आले आणि वाटेत मी स्वतःशी मोठ्यानं बोलत होते, हे मला नंतर एका पालकानं सांगितलं.

घरी येऊन आधी दादाला फोन लावला. “तू चित्रफीत काढलीस. त्यात बोटं दाखवलीस. तुला माहीत नव्हतं ती चुकीची आहेत?”

“माहीत होतं गं. मला वाटलं गेमसाठी मुद्दाम बदलली असतील. तुम्ही दोघांनी ठरवून.”

“एकदा विचारायचं तरी!”

“तू इतकी जोरात होतीस…”

मी जोरात होते, म्हणून मला कुणी खरं सांगितलं नाही. ही कुठली रीत? बाई शांत असली तर तिला काही सांगायची गरज नाही आणि जोरात असली तर सांगायची सोय नाही. मग तिनं असायचं तरी कसं?

अण्णा दुपारी आले. खुंटीला दस्ती अडकवली. मी वाटच बघत होते.

“खोटं का शिकवलं?”

ते बाजेवर बसले. “ती बोटं माझी एकट्याची न्हाईत. बाजाराची हायेत. म्या कशी देऊ? तू छापणार, गावोगाव धाडणार. उद्या माझ्या दस्तीखाली कोण हात घालंल?”

“दादाला दिली ती?”

“त्यो धंद्यात बसंल वाटलं व्हतं.”

“मग मला नाही म्हणायचं होतं! सरळ नाही म्हणायचं. मी रडले असते, भांडले असते, संपलं असतं. तीनशे लोकांना मी सही करून सांगितलंय खरी बोटं म्हणून!”

“तू हात पुढं केलास,” अण्णा म्हणाले. “म्हणवंना न्हाय.”

यावर मी विरघळायला हवं होतं बहुतेक. नाही विरघळले. त्यांना ‘नाही’ म्हणवेना, तर चाळीस वर्षं आईला ‘बरा झाला’ कसं म्हणवलं? मी हे तोंडावर विचारलं. अण्णा उठून शेडात गेले. मी आईकडं वळले. “तुला माहीत होतं?”

“कान लाल झाले व्हते की.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“लई खुशीत व्हतीस. त्यांचा हात धरून बसलेली.” तिनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मला तिचाही राग आला, आणि तो राग सगळ्यात जड होता, कारण हा सगळा खटाटोप मी तिच्यासाठी केला होता.

दोन दिवसांनी मी सगळ्यांना पत्र लिहिलं. पुस्तिकेतली बोटं खरी नाहीत, मला चुकीची शिकवली गेली, मी न तपासता छापली, ज्यांना हवे त्यांनी पैसे परत मागावेत. मोजक्याच लोकांनी मागितले. बाकीच्यांनी काय लिहावं? ‘व्वा, ही तर अजून भारी गोष्ट!’ ‘तुमचे वडील सुपर आहेत.’ सल्लागारानं तर फोनच केला: “मॅडम, हे आधी सांगायला हवं होतं, आपण यावरच कॅम्पेन केलं असतं.” माझी मान खाली गेली होती आणि यांना मजा वाटत होती. मी त्याचा नंबर ब्लॉक केला आणि आजतागायत काढलेला नाही.

जळकोटच्या बायकांचं पत्राला उत्तर आलं नाही. मीच भीतभीत फोन लावला. गटाच्या अध्यक्षीणबाईंनी उचलला. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, “बाई, खरं-खोटं राहू द्या तिकडं. बाजारातल्या बाप्यांला कळायची बोटं घेऊन आमी काय करावं? आमच्या दोघीला कळली म्हंजी झालं. आमी दोन शेळ्या इकल्या गटातल्या गटात. खोक्यातल्या टावेलाखाली.”

“बाजाराच्या बाहेर?”

“दारात बसून. बाप्ये उभे व्हते की बघत.”

मी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. त्या संध्याकाळी तिनं पुस्तिका मागितली, आणि चष्मा लावून बोटांची चित्रं बघत बसली. मी बोटं समजावून सांगायला गेले तर म्हणाली, “येतंय मला. तू तुझे पेपर तपास.” पुढं काही दिवस गल्लीतल्या दोघी-तिघी दुपारच्या आमच्या ओट्यावर बसायला लागल्या. शाळेतून आले की मला पिवळी दस्ती हललेली दिसायची आणि मी जवळ गेले की गप्पा भाजीच्या निघायच्या.

मग एका दिवशी आईनं आपली एक पाट विकायची ठरवली. बाजाराचा दिवस नव्हता. पलीकडच्या गल्लीतली बाई आली, तिनं पाटीचे दात बघितले, कमरेवर हात दाबला, ओट्याखाली दोन पावलं चालवून बघितली. दोघी समोरासमोर बसल्या. वर दस्ती. अण्णा शेडाच्या दारात उभे. ती बोटं त्यांनीच रचलेली, पण फडक्याखालचं त्यांनाही दिसणार नव्हतं. ते आईच्या तोंडाकडं बघत होते. मी कानाकडं बघत होते. आईनं पदर कानावरून घट्ट ओढून घेतला होता.

दस्ती तीनदा थांबली, तीनदा हलली. मग आईनं हात काढला, त्या बाईनं इसार ठेवला, दोरी सुटली. पाट गल्लीच्या वळणापर्यंत ओरडत गेली.

अण्णांनी विचारलं, “किती झाला?”

आई उठली. दस्ती झटकली, अण्णांच्या खुंटीवर त्यांच्या दस्तीच्या वर अडकवली. “झाला की,” ती म्हणाली. “बरा झाला.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कसं वाटलं असेल ते मला नेमकं माहीत होतं. मी हसून घेतलं, पोटभर हसले, एवढ्या वर्षांचं हसले. मग ते बाहेर गेल्यावर आईच्या मागं स्वयंपाकघरात गेले आणि हळूच म्हटलं, “मला तरी सांग, किती झाला?”

आईनं परातीत पीठ घेतलं. पाणी ओतलं.

“तुला न्हाय सांगायची,” ती म्हणाली. “तू छापशील.”